कृती कबूल, उद्देश नाकबूल

१९४० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी गांधींच्या वैयक्तिक सत्याग्रहाच्या एकाच मोहिमेतल्या पहिल्या दोन नावांना शिक्षा झाल्या. विनोबा भावे, तीन महिने. जवाहरलाल नेहरू, चार वर्षं. नियम तेच, भारत संरक्षण नियम. मुद्दाही तोच, ब्रिटिशांच्या युद्धाला माणसं आणि पैसा देऊ नका असं लोकांना सांगणं. दोघांनीही कुणाला बोट लावलं नव्हतं, काही तोडलं नव्हतं. नेहरूंना तर त्यांनी ठरलेला सत्याग्रह सुरू करण्याआधीच, ३१ ऑक्टोबरला पकडलं आणि गोरखपूर जिल्ह्यात आधी केलेल्या भाषणांवर खटला भरला.

अठ्ठेचाळीस महिने आणि तीन महिने, एवढी तफावत कशी पडते हे समजलं की लष्करविरोधी निदर्शकांवरचे जगभरचे खटले बऱ्यापैकी समजतात. माणूस काय बोलला याला त्यात फार थोडं वजन असतं. आरोप किती वेगळे केले, शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, खटला कुठल्या प्रांतात कुणापुढे चालला, आणि कलमात ‘उद्देश’ हा शब्द आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

विनोबांपासून सुरुवात करण्याचं कारण उघड आहे. ते बडोद्यात वाढले. वडील नरहरराव इथे नोकरीला होते, शाळा इथली, कॉलेज इथलं. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसलेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला, ही गोष्ट दांडिया बाजारातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. युद्धविरोधाबद्दल तुरुंगात जाणारा पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून मात्र त्यांची आठवण कमी निघते. भूदानाने बाकी सगळं झाकून टाकलं.

त्या मोहिमेची रचना बघण्यासारखी आहे, कारण ती खटला डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. गर्दी नको, एका वेळी एक माणूस. नाव गांधी मंजूर करणार. जिल्हा दंडाधिकाऱ्याला आधी लेखी कळवायचं: अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी बोलणार आहे. मग तिथे उभं राहून ठरलेलं वाक्य बोलायचं, की या युद्धाला माणसांनी किंवा पैशाने मदत करणं चूक आहे आणि सगळ्याच युद्धांना अहिंसेने विरोध करणं हाच खरा उपाय. पकडलं तर जायचं. नाही पकडलं तर तेच वाक्य बोलत गावोगाव चालत दिल्लीच्या दिशेने निघायचं. विनोबा १७ ऑक्टोबरला पवनारला बोलले, पुढचे काही दिवस आसपासच्या गावांत बोलत राहिले आणि २१ तारखेला पकडले गेले. नोव्हेंबरपासून काँग्रेस कार्यकारिणीचे आणि विधिमंडळांचे सभासद, जानेवारी १९४१ पासून स्थानिक समित्यांनी दिलेली नावं, एप्रिलपासून साधे सभासद अशी साखळी वाढत गेली आणि वीस हजारांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने बहुतेकांना सोडलं.

त्या पूर्वसूचनेचा कायदेशीर परिणाम फार मोठा. जमाव नाही, म्हणजे बेकायदा जमावाचं कलम नाही. लपवाछपवी नाही, म्हणजे गुप्त कट शोधून काढायचा प्रश्न नाही. दगड पडण्याची शक्यता नाही, म्हणजे दंगल नाही. सरकारच्या हाती उरतं एकच: बोललेलं वाक्य. ते वाक्य नियमांच्या भाषेत ‘बाधक कृत्य’ होतं आणि आरोपी ते नाकारतच नव्हता. साक्षीदार लागले नाहीत, वकील लागला नाही, खटले झटपट उरकले. आंदोलन चालवणाऱ्यांना हेच हवं होतं. न्यायालयात जिंकणं हा हेतूच नव्हता. म्हणून आज कुणी विनोबांचा दाखला देऊन ‘सरळ गुन्हा कबूल करून टाकायचा’ असं म्हणतं, तेव्हा थांबून विचारावं लागतं की कुठल्या कलमाखालचा गुन्हा?

कारण कलमाकलमात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो इंग्लंडच्या एका खटल्यात लख्ख दिसतो.

डिसेंबर १९६१. एसेक्समधला वेदर्सफील्ड हवाई तळ, अमेरिकी विमानांचा. ‘कमिटी ऑफ हंड्रेड’ या अण्वस्त्रविरोधी गटाने जाहीर केलं की आम्ही तळात शिरून धावपट्टीवर बसणार, विमानं काही तास उडू देणार नाही. सगळं उघड, पत्रकं वाटून. सहा जणांवर खटला भरला तो अतिक्रमणाचा नव्हे, १९११ च्या शासकीय गुपितं कायद्याच्या पहिल्या कलमाखाली कट केल्याचा. या कलमाच्या कडेला छापलेलं शीर्षक होतं ‘हेरगिरीबद्दल शिक्षा’. सहापैकी एकही हेर नव्हता आणि सरकारही तसं म्हणत नव्हतं. कलमाचा मजकूर मात्र असा की राज्याच्या सुरक्षेला वा हिताला बाधक अशा उद्देशाने जो कुणी प्रतिबंधित जागेजवळ जाईल किंवा आत शिरेल, तो गुन्हेगार.

बचावाचं म्हणणं सरळ होतं. अण्वस्त्रांमुळे देश धोक्यात येतो, आम्ही तो धोका कमी करायला गेलो, म्हणून आमचा उद्देश राज्याच्या हिताचाच. त्यासाठी तज्ज्ञ साक्षीदारही आणले होते. न्यायाधीशांनी तो पुरावा ऐकूनच घेतला नाही. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, १९६२ मध्ये निकाल लागला, ‘चँडलर’ खटला म्हणून तो आजही शिकवतात. निकालाचा गाभा असा: सैन्य कुठे ठेवायचं, कसं वापरायचं हे सरकार ठरवतं, न्यायालय त्यावर चर्चा ऐकणार नाही. विमानं अडवणं हा तुमचा तात्काळ उद्देश. शांतता वगैरे तुमचा दूरचा हेतू, आणि हेतूशी कलमाला काही देणंघेणं नाही. कडेचं शीर्षक हेरगिरीचं असलं तरी मजकूर हेरांपुरता मर्यादित नाही. पाच पुरुषांना अठरा महिने, एका बाईला बारा महिने. शिक्षा कायम.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण आपला १९२३ चा शासकीय गुपितं कायदा त्याच कुटुंबातला आहे. कलम ३ काढून बघा. तेच शीर्षक, तीच ‘सुरक्षेला वा हिताला बाधक उद्देशाने’ ही शब्दरचना. जवळ जाणं, पाहणी करणं, आसपास असणं, आत शिरणं, सगळं त्यात येतं. आत पाऊल टाकलंच पाहिजे असं नाही. संरक्षणविषयक जागेच्या बाबतीत शिक्षा चौदा वर्षांपर्यंत, इतर बाबतीत तीन. आणि सगळ्यात जड वाक्य पोटकलम २ मधलं: बाधक उद्देश दाखवणारी एखादी विशिष्ट कृती सिद्ध करायची गरज नाही. परिस्थिती, वागणूक आणि आरोपीची ज्ञात असलेली चालचलणूक यांवरून न्यायालय तो उद्देश धरून चालू शकतं. जुनी भाषणं, समाजमाध्यमांवरच्या जुन्या नोंदी, परदेशातल्या शांततावादी संस्थेशी झालेला पत्रव्यवहार अशा गोष्टी या दारातून आत येऊ शकतात.

एक दार उलट बाजूलाही उघडतं. कलम १३ प्रमाणे सरकारच्या आदेशाने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. पोलीस ठाण्यात हे कलम घालणं सोपं, ते न्यायालयात टिकवायला वरून कागद यावा लागतो. बचावाच्या वकिलाने पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच: ती तक्रार कुठे आहे, कुणाच्या सहीची आहे?

आता शीर्षकाचा अर्थ सांगतो. साध्या मनाईहुकूमभंगाच्या खटल्यात ‘होय, मी तिथे उभा होतो’ म्हणून गुन्हा कबूल करणं हा एक निर्णय झाला. तत्त्वासाठी कुणी तो घेईल, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या कलमात उद्देश हा गुन्ह्याचाच घटक आहे, तिथे सरसकट कबुली म्हणजे ‘मी देशाच्या अहितासाठी गेलो’ याची कबुली. पुष्कळ तत्त्वनिष्ठ माणसं इथे फसतात. त्यांना खरं बोलायचं असतं, आणि खरं बोलण्याच्या भरात न केलेल्या गोष्टीवर सही करून बसतात. आरोप वाचून दाखवला की म्हणायचं ते इतकंच: अमुक दिवशी अमुक ठिकाणी मी होतो हे खरं, कलमात म्हटलेला उद्देश मला मान्य नाही. अशी अर्धी कबुली दिली तर न्यायालयाला ती गुन्ह्याची कबुली म्हणून नोंदवता येत नाही, पुरावा घ्यावा लागतो. ज्या कागदांवर वाद नाही ते बीएनएसएसच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ३३० खाली मान्य करून टाकले की पंच आणि पोलीस साक्षीदारांच्या तारखा वाचतात, खटला उद्देशाच्या एका मुद्द्यापुरता उरतो. मनातलं सगळं सांगायची जागा पुढे येते, कलम ३५१ खालच्या जबाबात. तिथे शपथ नसते, उलटतपासणी नसते. पोलिसांपुढे मन मोकळं करू नये, तिथे करावं.

अमेरिकेतली पद्धत वेगळी, तरी धडा तोच. जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग तळावर लॅटिन अमेरिकी सैनिकांना प्रशिक्षण देणारी एक शाळा होती. नोव्हेंबर १९८९ मध्ये एल साल्वाडोरमध्ये सहा जेझुइट पाद्री, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांची लष्कराने हत्या केली. मारेकऱ्यांपैकी काही जण याच शाळेत शिकलेले निघाले. रॉय बुर्जुआ या पाद्र्याने १९९० पासून तिथे विरोध उभा केला, आणि पुढे दरवर्षी नोव्हेंबरात हजारो लोक फाटकाशी जमू लागले. त्यातले काही जण मुद्दाम हद्दीची रेघ ओलांडून आत जात. पहिल्यांदा गेलात की बहुधा एक पत्र हातात मिळे: पुन्हा आत यायला बंदी. ते पत्र घेऊन परत आत शिरलात की संघीय गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड. पुढे पुढे पहिल्याच वेळी गेलेल्यांवरही खटले भरले गेले.

‘सहा महिने’ हा आकडा तिथे सोयीचा पडतो. सहा महिने किंवा त्याहून कमी शिक्षेचा गुन्हा क्षुल्लक मानला जातो आणि क्षुल्लक गुन्ह्यात ज्यूरी मागण्याचा हक्क नाही. म्हणजे बारा सामान्य माणसांपुढे उभं राहून हत्याकांडाची गोष्ट सांगायची संधीच मिळत नाही. एकटा दंडाधिकारी, दोन प्रश्न: रेघ ओलांडली का? पत्र मिळालं होतं का? दुपारपर्यंत निकाल. सत्तरी ओलांडलेल्या जोगिणी आणि निवृत्त शिक्षक या मार्गाने तुरुंगात जाऊन आले.

ज्यूरी मिळाली तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये १९९६ साली घडलं. चार बायकांच्या एका गटातल्या तिघींनी वॉर्टनच्या कारखान्यात शिरून इंडोनेशियाला विकायच्या एका हॉक विमानाची साध्या घरगुती हातोड्यांनी नासधूस केली. नुकसान पंधरा लाख पौंड सांगितलं गेलं. विमानात त्यांनी एक व्हिडिओ ठेवला होता, आपण हे का करतो याचा. पूर्व तिमोरमध्ये हे विमान लोकांवर वापरलं जाईल आणि तो नरसंहार थांबवायला आम्ही गेलो, हा बचाव लिव्हरपूलच्या ज्यूरीने मान्य केला आणि चौघी सुटल्या. सुटेपर्यंत सहा महिने कच्च्या कैदेत काढलेले होतेच, ते परत मिळत नाहीत. आणि भारतात ज्यूरी नाही, त्यामुळे या निकालाच्या जोरावर इथे कुणी योजना आखू नये.

दुसरं अमेरिकी प्रकरण कलम कसं फुगवलं जातं ते दाखवतं. २८ जुलै २०१२ च्या पहाटे टेनेसीतल्या ओक रिज इथल्या वाय-१२ या अण्वस्त्र संकुलात तीन माणसं तीन कुंपणं कापून आत गेली. त्यातल्या मेगन राइस या जोगिणीचं वय ८२. संवर्धित युरेनियम साठवलेल्या इमारतीच्या भिंतीवर त्यांनी घोषणा रंगवल्या, रक्त शिंपडलं, हातोडीने भिंतीचा कोपरा टवकवला, आणि पहारेकरी आला तेव्हा त्याच्यापुढे पाव केला. आरंभीचा आरोप किरकोळ अतिक्रमणाचा होता. त्यांनी तडजोड करून गुन्हा मान्य करायला नकार दिला, तसे आरोप वाढत गेले: सरकारी मालमत्तेचं नुकसान, कमाल दहा वर्षं, आणि राष्ट्रीय संरक्षणात घातपात, कमाल वीस. २०१३ मध्ये दोषी ठरले. राइस यांना ३५ महिने, बाकी दोघांना ६२ महिने, शिवाय तिघांवर मिळून सुमारे ५३ हजार डॉलरची भरपाई.

मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने घातपाताचा आरोप रद्द केला. तर्क वाचण्यासारखा आहे. घातपातासाठी राष्ट्रीय संरक्षणात अडथळा आणण्याचा इरादा लागतो. कुंपण कापणं आणि भिंतीवर लिहिणं याने देशाची युद्ध लढण्याची ताकद कमी होत नाही, आणि पहाऱ्याची अब्रू गेली म्हणजे संरक्षणात अडथळा आला असं होत नाही. मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा कायम राहिला, पण तेवढ्याला योग्य ठरणारी शिक्षा भोगून झाली होती, म्हणून तिघे त्याच महिन्यात बाहेर आले. दोन वर्षं गेली ती गेलीच. चँडलर खटल्यात जे दार बंद झालं ते इथे अर्धं उघडलं, कारण अमेरिकी कलमात ‘अडथळा आणण्याचा इरादा’ असे नेमके शब्द होते आणि ब्रिटिश कलमात ‘हिताला बाधक’ असे गुळगुळीत.

तुटलेल्या तारेबद्दल आणखी एक. अमेरिकेत सरकारी मालमत्तेचं नुकसान हजार डॉलरच्या वर गेलं की शिक्षेची कमाल एका वर्षावरून दहावर उडी घेते. म्हणून फिर्यादी पक्ष दुरुस्तीच्या बिलात मजुरी, गस्त, रंगकाम सगळं घालतो आणि बचाव पक्षाची अर्धी लढाई त्या बिलावरच होते. आपल्याकडे १९८४ च्या सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायद्यात अशी रकमेची पायरीच नाही. पाच वर्षांपर्यंतचा गुन्हा एका तारेनेही होतो. कुंपणाला हात लावणं आणि न लावणं यातला फरक इथे तिथल्यापेक्षा मोठा आहे.

आपल्या देशातला सगळ्यात लांबलेला खटला तुटलेल्या कशाचाच नव्हता. २ नोव्हेंबर २००० ला मणिपूरमधल्या मालोम इथे आसाम रायफल्सच्या गोळीबारात दहा जण मेले. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याविरुद्ध इरोम शर्मिलांनी उपोषण सुरू केलं आणि त्यांच्यावर भारतीय दंड संहितेचं ३०९ लागलं, आत्महत्येचा प्रयत्न. कमाल शिक्षा एक वर्ष. एक वर्षाचं कलम सोळा वर्षं कसं पुरलं? वर्ष भरत आलं की सुटका, बाहेर येऊन उपोषण चालूच, एक-दोन दिवसांत पुन्हा अटक, पुन्हा इम्फाळच्या इस्पितळात नाकातून नळीने अन्न. ऑगस्ट २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने हा आत्महत्येचा प्रयत्नच नव्हे असं म्हणून सोडलं, दोनच दिवसांत परत पकडलं. ९ ऑगस्ट २०१६ ला त्यांनी उपोषण सोडलं. नव्या भारतीय न्याय संहितेत ३०९ नाही. त्याच्या जागी कलम २२६ आहे: सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न. एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. उपोषणाला बसणाऱ्याने हे कलम वाचूनच बसावं. ‘मागणी मान्य होईपर्यंत प्राण पणाला’ असं फलकावर लिहिलंत की उद्देशाचा पुरावा तुम्हीच रंगवून टांगलात. ‘बेमुदत उपोषण’ आणि ‘आमरण उपोषण’ यातला फरक मराठीत आपण सहज विसरतो, फिर्यादी पक्ष विसरत नाही.

पत्रकांचंही तसंच. मजकूर कुणाला उद्देशून आहे ते बघा. नागरिकांना ‘हे युद्ध चुकीचं आहे’ सांगणं हे मत. सैनिकाला ‘आज्ञा पाळू नकोस, पळून ये’ सांगणं हा आपल्याकडे न्याय संहितेच्या कलम १५९ चा विषय होऊ शकतो, आणि तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. इंग्लंडच्या पॅट अ‍ॅरोस्मिथ यांना १९७४ मध्ये उत्तर आयर्लंडला जाऊ नका असं सुचवणारी पत्रकं सैनिकांत वाटल्याबद्दल अठरा महिने झाले. रशियात तर मार्च २०२२ पासून मतालाही सोय उरलेली नाही. सैन्याची ‘बदनामी’ पहिल्यांदा केली तर प्रशासकीय दंड, वर्षाच्या आत पुन्हा केली तर फौजदारी गुन्हा, आणि ‘खोटी माहिती’ म्हटलं तर थेट तुरुंग. मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सी गोरिनोव स्थानिक बैठकीत युद्धाविरुद्ध बोलले, सात वर्षं. साशा स्कोचिलेंको या चित्रकर्तीने दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलून त्या जागी युद्धाची माहिती लावली, तिलाही सात. आधी ताकीद, मग गुन्हा, ही शिडी फोर्ट बेनिंगच्या पत्राचीच भावंडं आहे, फक्त पायऱ्या उंच.

आता बडोद्याकडे. समजा फतेगंजला ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या प्रशिक्षण शाळेच्या, परिसराबाहेरच्या रस्त्यावर चारपाच जण फलक घेऊन उभे राहणार आहेत. काय होईल?

पहिली गोष्ट जाहीरनामा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत गुजरात पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खाली जमावाला मनाई करणारे आदेश निघतात. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय असा आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. बीएनएसएसच्या १६३ चा, म्हणजे जुन्या १४४ चा आदेश दोन महिने. आदेशाची तारीख, कालावधी, हद्द आणि कारण वाचा, फोटो काढून ठेवा. अनुराधा भसीन खटल्यात, जानेवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की असे आदेश कारणांसह असले पाहिजेत, जाहीर झाले पाहिजेत, आणि एकच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा दुरुपयोग. कधी कधी निदर्शनाच्या दिवशी जुना आदेश संपलेला असतो आणि नवा सहीसाठी पडून असतो. ते कागदच पुढे खटला मोडतात.

माणसं चार की पाच, यालाही अर्थ आहे. बेकायदा जमाव पाचांपासून सुरू होतो. नुसते पाच जमले म्हणून गुन्हा होत नाही, समान उद्देश बेकायदा असावा लागतो, पण चार असतील तर तो वादच उद्भवत नाही. विनोबांच्या वेळच्या ‘एका वेळी एक’ या रचनेतही तो वाद उद्भवत नसे.

फाटकाचा, पहारा चौकीचा, आतल्या इमारतींचा व्हिडिओ करू नका. आपल्याच माणसाचा, आपल्याच फलकाचा करा, आणि कॅमेऱ्याची पाठ फाटकाकडे ठेवा. शासकीय गुपितं कायद्याला आमंत्रण देणारी ही सगळ्यात सामान्य चूक, आणि ती निव्वळ उत्साहापोटी होते.

उचललं तर बहुधा बीएनएसएसच्या १७० खाली, प्रतिबंधक म्हणून. त्याची मर्यादा चोवीस तास. अटकेची कारणं लेखी आणि कळणाऱ्या भाषेत मागा. सर्वोच्च न्यायालयाने अलीकडच्या निकालांत यावर चांगलाच जोर दिला आहे. इथे कागद गुजरातीत असतात. बडोद्याचा मराठी माणूस गुजराती फर्डी बोलतो, पण घरात मराठी वाचणाऱ्या अनेकांना सरकारी गुजरातीतलं एक पान वाचायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं घ्या. अटकेच्या कागदावर सही असते. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच तशी मनाई आहे, कलम १८१. ‘नुसती सही करा, घरी जा’ हे वाक्य याच कागदाबाबत ऐकू येतं.

यानंतरचा सापळा मला प्रत्यक्ष खटल्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो. कलम १२६ खाली शांतता राखण्याचं हमीपत्र मागतात. हे कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालतं, म्हणजे आयुक्तालयात बहुधा पोलीस अधिकाऱ्यापुढेच. चौकशी होईपर्यंत अंतरिम हमीपत्र मागता येतं, आणि ते दिलं नाही तर कुठलाही गुन्हा सिद्ध न होता तुरुंग. शुक्रवारी संध्याकाळी मालमत्तेचे कागद असलेला जामीनदार हजर करा म्हटलं की सोमवार उजाडतो. म्हणून जामीनदार निदर्शनाच्या आधी ठरवायचा. त्याचं आधार, घरपट्टीची पावती, मालमत्तेचा दाखला, दोन फोटो एका पिशवीत तयार, आणि पिशवी अशा माणसाकडे जो स्वतः निदर्शनाला जाणार नाही. तत्त्व म्हणून हमीपत्र नाकारायचं असेल तर तेही आधी घरच्यांना सांगून ठेवायचं, ठाण्यात उभं राहून ठरवायचं नाही.

खटला भरलाच तर बहुधा न्याय संहितेचं २२३, म्हणजे जुनं १८८. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. जिवाला धोका वा दंगलीची भीती दाखवली तर एक वर्ष किंवा पाच हजार. इथे दोन गोष्टी बघायच्या. आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः लेखी तक्रार न्यायालयात केली आहे का? बीएनएसएसचं २१५ त्याशिवाय दखल घेऊ देत नाही. पोलिसांनी एफआयआर आणि आरोपपत्र पाठवलं एवढ्याने भागत नाही. दुसरं, मुदत. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तक्रार एका वर्षाच्या आत दाखल व्हावी लागते, कलम ५१४. दिवाळीपुऱ्याच्या न्यायालयात फाइल उघडल्या उघडल्या या दोन तारखा ताडून बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि तरीही त्या पाहिल्या जात नाहीत.

पाहिल्या जात नाहीत, कारण समोर मोह उभा असतो: पाचशे-हजार दंड भरा, कबूल म्हणा, आजच मोकळे व्हा. साठीतल्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही. पंचविशीतल्याला पडतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती व्हिसाच्या अर्जात आयुष्यभर लिहावी लागते, आणि या गावातल्या किती घरांतली मुलं कॅनडा-अमेरिकेच्या अर्जात गुंतलेली असतात ते सांगायला नको. उलट बाजूने, कबूल न करता लढलं तर खटला प्रलंबित राहतो आणि पासपोर्ट कायद्याचं ६(२)(एफ) आडवं येतं. त्यावर उपाय आहे: ज्या न्यायालयात खटला आहे त्याच न्यायालयाची परवानगी मागायची. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाच्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो. म्हणून अर्जात मुदत स्पष्ट मागायची आणि आदेशात ती उतरली आहे का हे न्यायालयातून बाहेर पडण्याआधी वाचायचं. आदेशाची प्रमाणित प्रत दोन काढायच्या, एक पासपोर्ट कार्यालयात राहते.